मंगळवारचे डाग

आमच्या शाळेला मंगळवारी आणि शनिवारी पांढरा ड्रेस असतो. हा नियम ज्यांनी काढला त्यांच्या घरी नक्की मशीन कपडे धूत असणार. आमच्याकडे मम्मी धुते. म्हणून पोळा झाल्यापासून दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या अंगणात एकच कार्यक्रम व्हायचा आणि शेजारचे सगळे तो फुकटात ऐकायचे.

“अक्षरा! परत तेल? परत?”

“मी काय केलंय? बसूनं केलंय.”

“बसू घालतो का पांढरे कपडे? आधी घरी यायचं, बदलायचं, मग त्याच्यावर बसायचं. किती वेळा सांगू?”

सलवारीच्या उजव्या पायावर घोट्यापासून पोटरीपर्यंत काळपट ठिपके. पावडर लावा, लिंबू लावा, जात नाहीत. मम्मीचं बरोबर होतं, मला मान्य आहे. पण शाळेतून घरी जायचं, कपडे बदलायचे आणि परत मळ्यात यायचं म्हणजे दिवस बुडतो, आणि बागेतली माझी ओळ राहते. अहमदपूरहून येणारी एसटी मळ्याच्या तोंडाशीच सोडते. उतरले की दप्तर पेरूच्या फांदीला, आणि मी सीटवर.

हो, मला ट्रॅक्टर चालवता येतो. या उन्हाळ्यात शिकले. मम्मीनंच शिकवलं, आणि आता तीच ओरडते.

बसू म्हणजे आमचा छोटा ट्रॅक्टर, बागेतला. शेजारी उभी राहिले तर माझ्या खांद्याएवढा. मोठा ट्रॅक्टर पेरूच्या ओळीत घातला की फांद्या मोडतात. हा फांद्यांखालून डोकं वाकवून गेल्यासारखा जातो आणि मागचा रोटर तण मुळासकट उलथून टाकतो. नाव आज्जानं ठेवलं. आज्जा म्हणजे पप्पांचे वडील, मडिवाळप्पा. आमच्या लिंगायतांच्या घरात बैलाला बसवण्णा म्हणतात. बैलजोडी बाजारात विकली आणि त्याच गोठ्यात हा आला, तेव्हा आज्जानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, “ह्यो बी बसवण्णाच. बारका हाय म्हणून बसू.” झालं. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही.

आज्जानं बैलांचे सगळे नियम बसूला लावले. सोमवारी जुंपायचं नाही, हा पहिला. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी आमच्या घरात बैलाच्या खांद्यावर कधी जू गेलं नाही. त्यामुळे बसूला दर सोमवारी सुट्टी. मला रविवारीसुद्धा धुणं वाळत घालावं लागतं, पण ट्रॅक्टरला सोमवार सुट्टी! पप्पा हसायचे, पण मोडायचे नाहीत. पोळ्याला बसूला धुतलं, हळद लावली, झूल घातली, पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला. आणि त्या पोळ्यानंतरच हे तेलाचं सुरू झालं.

इंजिनाच्या पोटात कोंडलेली हवा बाहेर पडायला एक रबरी नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. बसूची ती नळी नेमकी चालवणाऱ्याच्या उजव्या पायापाशी संपते. नेहमी तिच्यातून जराशी वाफ यायची, बाकी काही नाही. आता ती थुंकायला लागली. फुस्स, फुस्स, आणि दर फुस्सबरोबर तेलाचे थेंब. वर सायलेन्सरमधून निळा धूर. चढाला तर बसू असा धापा टाकायचा की मला खाली उतरून ढकलावंसं वाटायचं.

पप्पांनी त्याचा व्हिडिओ काढून शेषेराव मिस्त्रींना पाठवला. ते अहमदपूरच्या ट्रॅक्टर मिस्त्रींमधले नावाजलेले, पेरणी-कापणीच्या दिवसात त्यांचा पाय एका गावात टिकत नाही. त्यांचा लगेच फोन आला. पप्पांनी स्पीकर लावला.

“पंचाक्षरी भाऊ, तेल मोजायची काडी बघितली का? तेल हाय ना?”

“हाय की. भरपूर हाय.”

“मग पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या. जळालेला गॅस पिस्टनच्या कडेनं खाली उतरून राहिला अन् खालचं तेल नळीतून बाहेर फेकून राहिला. ब्लो-बाय म्हणतेत त्याला. इंजिन खोलावं लागतंय.”

“कवा येता?”

“दसऱ्याच्या आदी न्हाई जमत बघा. सामान बी लातूरहून आणावं लागंल.”

पप्पांनी फोन ठेवला. ते अहमदपूरला बियाण्याच्या दुकानात असतात, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. मळा मम्मीच्या अंगावर. बागेतलं तण आत्ताच माझ्या कमरेला लागत होतं. खुरपायला बायका मिळत नाहीत, सगळ्या सोयाबीनच्या कामावर.

त्या मंगळवारी, माझ्या सलवारीवरून ओरडून झाल्यावर, आम्ही जेवायला बसलो आणि पप्पा एकदम म्हणाले, “उदगीरचे शंकरप्पा जुनी यंत्रं घेतेत. पुढल्या मंगळवारी येतो म्हणालेत. देऊन टाकू.”

“आणि बाग?” मी विचारलं.

“बाग मोडू. सगळंच सोयाबीन करू. मोठा ट्रॅक्टर भाड्यानं येतो, एका दिवसात मोकळं.”

मम्मीनं ज्वारीची भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसली. मला वाटलं आता बोलेल. मम्मी बोलली तर काळजी नसते. ती सलवारीवर ओरडते, दुधावर ओरडते, पावसावर ओरडते. पण ती गप्प बसली की काहीतरी मोठं बिघडलंय समजायचं. त्या बागेतलं एकेक रोप तिनं लावलंय. पहिल्या उन्हाळ्यात पाइपचं पाणी पुरलं नाही तेव्हा कळशीनं घातलंय. ओळींना तिनं नावं ठेवली आहेत, आणि ती आमच्या सगळ्या आत्यांची आहेत. वाकडी ओळ कुणाची, ते सांगत नाही.

आज्जा ताटाकडे बघत म्हणाला, “बसवण्णाला बाजारात दुसऱ्यांदा न्यायलाव तुमी.” आणि उठला.

मी त्या रात्री पांघरुणात ठरवलं की काहीतरी करायचंच. काय करायचं ते मात्र ठरलं नव्हतं.

बुधवार ते शुक्रवार मी मम्मीच्या मोबाईलवर जगातल्या सगळ्या मिस्त्र्यांचे व्हिडिओ बघितले. ब्लो-बाय म्हणजे शेषेरावकाका म्हणाले तेच, हे कळलं. पण रिंगाच गेल्या पाहिजेत असं काही नाही, हेही कळलं. कधी ब्रीदरच तुंबतो. कधी हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, पॅकिंग फुटतं. कधी तेलच जास्त झालेलं असतं. एक काका तर हिंदीत इतक्या प्रेमानं समजावत होते की मी त्यांना मनातल्या मनात गुरुपौर्णिमेचा नमस्कार घातला.

मग शनिवार आला. शनिवारी अर्धीच शाळा. मी उतरले, दप्तर टांगलं, बसूवर बसले. मम्मी लांब फांद्या छाटत होती. मी सुनंदा आत्याची ओळ जाताना मारली, येताना शोभा आत्याची. आणि घरी आले.

मम्मीनं धुण्याच्या दगडावर माझी सलवार घेतली, उलटीसुलटी केली.

“आज घरी येऊन बदललीस वाटतं. शहाणी झाली माझी लेक.”

“नाही तर. थेट बसले.”

“मग डाग कुठंय?”

मी बघितलं. डाग नव्हता. एक बारका थेंब, तोही शिवणीवर. मी हसले आणि आत गेले. आणि दारातच उभी राहिले, कारण माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं.

मागच्या शनिवारीही डाग नव्हता. त्याच्या आधीच्या शनिवारी मम्मीनं सलवारीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ओरडा कधी असतो? मंगळवारी. धूर? मंगळवारी दाट, बुधवारी थोडा कमी, आणि आज तर सायलेन्सरकडे माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं!

“मम्मी! रिंगा नाही गेल्या!”

“काय गं, किती जोरात!”

“रिंगा झिजल्या तर रोज झिजलेल्याच राहतील ना? त्या काय वार बघून झिजतात का? मंगळवारी झिजल्या, शनिवारी परत नव्या झाल्या?”

मम्मी ओल्या हातानं पदर खोचत उभी राहिली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली, मी प्रत्यक्ष बघितली.

पप्पा आले तेव्हा मी दारातच धरलं त्यांना. सगळं ऐकून ते चपला काढत म्हणाले, “म्हणजे इंजिन बी आता आठवडी बाजार पाळायलं म्हण की.”

“पप्पा, खरंच!”

“बेटा, शेषेरावची जिंदगी इंजिनं खोलण्यात गेली. तुझी दहावी बी व्हायचीय अजून.”

“मंगळवारपर्यंत तरी थांबा.”

“थांबलोच हाय की. शंकरप्पा मंगळवारीच येणारेत.”

रविवारी सकाळी मी आणि मम्मी पाने-पक्कड घेऊन गोठ्यात. मम्मीनं ब्रीदरची नळी काढली, मी फुंकली. आरपार. झाकण उघडलं, आतली जाळी रॉकेलमध्ये धुतली. ती तशीही स्वच्छच होती. हेडच्या कडेनं बोट फिरवलं, कुठं ओल नाही. मग तेलाची काडी. पुसली, बुडवली, काढली. काडीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर तेल कमी, वरच्या खुणेच्या वर गेलं तर जास्त. आमचं तेल वरच्या खुणेला टेकलेलं, बरोबर तिथंच.

“तेल बी ठीक,” मम्मी म्हणाली, आणि तिचा आवाज परत खाली गेला.

मी गव्हाणीच्या कडेवर बसले. पूर्वी जिथं बैलांची वैरण असायची तिथं आता बसूचा संसार असतो. तेलाचा कॅन, नरसाळं, चिंध्या. मी सहज म्हणून कॅन उचलला आणि माझा हात झटकन वर गेला. हलका होता! मम्मीनं पोळ्याच्या आधी तेल बदललं तेव्हा तो नवाच फोडलेला. मला आठवतं, कारण मीच उचलून आणला होता आणि खांदा दुखला म्हणून दिवसभर सांगत होते.

“मम्मी, इतकं तेल उडतं. मग काडीवर कमी का नाही होत?”

“तुझे पप्पा टाकत असतील.”

पप्पा ओसरीवर केस कापून घेत असल्यासारखे ताठ बसून पेपर वाचत होते. मी विचारलं, “पप्पा, बसूत तेल तुम्ही टाकता ना?”

“मी कशाला? तुझी मम्मी टाकते.”

मम्मी माझ्या मागून म्हणाली, “मी? मी पोळ्यापासून झाकण उघडलं न्हाई. तुमी टाकता म्हणूनच तर मी बघत नव्हते.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी त्या दोघांकडे बघत राहिले. आमच्या घरात माणसं चारच आहेत. मी टाकत नाही. मम्मी नाही, पप्पा नाहीत.

डाग मंगळवारी पडतात, म्हणजे तेल सोमवारी ओतलं जात असणार. सोमवारची वाट बघायची, एवढंच ठरवलं.

सोमवारी सकाळी आज्जाचा कार्यक्रम ठरलेला असतो. आंघोळ, लिंगपूजा, मग कपाळावरची विभूती ओली असतानाच गोठ्याकडे. बैल होते तेव्हापासूनचा. त्यात कुणी लक्ष घालत नाही. त्या वेळी मी एक तर झोपलेली असते किंवा वेणी घालत असते. त्या दिवशी एकच वेणी घातली आणि दुसरी तशीच सोडून गेले.

आज्जा बसूसमोर उभा होता. ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं. तीन बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढले. मग सीटवर हात ठेवून म्हणाला, “लई राबलास रे लेकरा. आज पड निवांत.”

आणि गव्हाणीतून कॅन काढला.

झाकण त्यानं असं सफाईनं उघडलं की वाटावं जन्मभर हेच करतोय. नरसाळं लावलं. तेल ओतायला लागला. बळक, बळक, बळक.

“पी बाबा. पोटभर पी.”

“आज्जा!”

दुसरं कुणी असतं तर दचकलं असतं. आज्जानं मान वळवली आणि मला लाडानं हाक मारतो तसा म्हणाला, “आलीस का अक्कव्वा? बरं झालं. नरसाळं धर जरा, सांडायलंय.”

देवाशपथ, मी धरलं. सवयीनं. मग भानावर आले आणि त्याचा हात वर केला.

“आज्जा, हे काय करतोस तू?”

“काय म्हणजे? सोमवारचा घास.” त्याला माझाच प्रश्न विचित्र वाटला. “आपल्या बैलांना दर सोमवारी बांबूच्या नळ्यानं करडीचं तेल पाजायचो मी. आठवडाभर राबल्यालं अंग. तुला कुठलं आठवतंय, तू बारकी होतीस. बैल कसे चमकायचे!”

“पण हे इंजिन आहे!”

“मग? इंजिनाला तेल लागत न्हाई का? ह्यो आला तवापास्नं मला वाटायचं, ह्यो उपाशीच राबायलाय. तोंडच घावत नव्हतं मला. पोळ्याच्या टायमाला तुझी माय सुकन्या तेल बदलायली, तवा बघितलं तोंड कुठं हाय ते.”

मी काडी काढली. पुसली, बुडवली, काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर गेलेलं, काडीच्या दांड्यापर्यंत चकाकत होतं. मला इतका आनंद झाला की गोठ्यातच नाचावंसं वाटलं. रिंगा नाही! पॅकिंग नाही! सोमवारी पाजायचं, मंगळवारी आतला फिरणारा दांडा तेल घुसळणार, जास्तीचं सगळं वर उडणार, नळीतून थुंकणार, धुरातून जळणार. शनिवार-रविवारपर्यंत बरोबर खुणेवर येणार. आणि सोमवारी परत घास!

मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. हातवारे करून. आणि मग आज्जाचं तोंड बघितलं.

तो गव्हाणीवर बसला होता. कॅन मांडीवर, दोन्ही हात कॅनवर.

“म्हंजी त्याला तरास मीच दिला म्हण की.”

“तसं नाही आज्जा...”

“तसंच की. बाग जायली, बसू जायला, अन् सगळे म्हणायलेत रिंगा गेल्या. मीच घालवायलो.” तो कपाळावरची विभूती पुसेल की काय असं मला वाटलं, पण हात अर्ध्यावरच थांबला.

मराठीचे सर मला “आकाशवाणी” म्हणतात ते उगाच नाही. मग मी जे डोक्यात आलं ते विचारलं.

“आज्जा, बैल जास्त खाऊन फुगला तर तू काय करायचास?”

त्यानं वर बघितलं. “ओला हरभरा खाल्ला की फुगायचे. डावी कूस अशी ढोलकीवानी व्हायची.”

“मग?”

“मग काय? आधी चारा तोडायचा. अन् वायू मोकळा करायचा. पोट हलकं झालं की बैल खडखडीत.”

“मेले का कधी?”

“माझ्या हातात एक बी न्हाई मेला!” आज्जा ताठ झाला.

“मग बसूचं पण पोट हलकं करू की.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बसूकडे. मग एकदम उठला, धोतराचा काचा वर खोचला आणि खाली वाकून बसूच्या पोटाखाली बघायला लागला. “कुठून काढायचं?”

“पण आज सोमवार आहे,” मी म्हटलं. “चालतं ना?”

“सोमवारी जुंपायचं न्हाई. औषध कवा बी चालतंय.”

इंजिनाच्या खाली तेल सोडायचा बोल्ट असतो. आज्जानं घमेलं धरलं, मी पाना लावला. घट्ट होता. मी दात-ओठ खाऊन फिरवला आणि काळ्या तेलाची धार आली. आज्जा एखाद्या वैद्यासारखं म्हणत होता, “येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे.” मी काडी बघेपर्यंत खालच्या खुणेच्याही खाली गेलं. त्याच्या “येऊ दे”मुळे! बोल्ट लावला. आता थोडं परत घालायला पाहिजे होतं. मी कॅन आज्जापुढे धरला. त्यानं दोन्ही हात मागे घेतले.

“तू घाल माय. माझा हात लई सढळ हाय.”

मी घातलं. हळूहळू, काडी बघत बघत. दोन खुणांच्या मधोमध आलं तेव्हा थांबले.

तेवढ्यात मागून मम्मी. घमेल्यातलं तेल बघितलं, कॅन बघितला, आज्जाचे तेलकट हात बघितले. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, तिनं कधी उलट शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

“मामा,” ती म्हणाली, “तुमी पाजत होता?”

“हाव.”

मम्मीनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं रडते. हसत होती! खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. आज्जा पहिल्यांदा रागावल्यासारखा झाला, मग त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

“पंचाक्षरीला मीच सांगतो,” तो म्हणाला. “पण आधी बसू काय म्हणतो ते बघू दे. उगा बोलायचं अन् रिंगा बी गेलेल्या निघायच्या.”

तीच तर भीती होती. शेषेरावकाकांचंही खरं असू शकत होतं. सोमवारी बसू सुरू करायची सोय नव्हती, आज्जानं ऐकलंच नसतं. मी एका वेणीनं शाळेत गेले, आणि तास कुठला होता ते विचारू नका.

मंगळवार. पांढरा ड्रेस. एसटीतून उतरले तर बांधावर पप्पांची मोटारसायकल उभी होती आणि शेजारी पांढऱ्या टोपीतले जाडसर गृहस्थ. उदगीरचे शंकरप्पा. मम्मीनं बसू ओळीच्या तोंडाशी आणून ठेवला होता. तिनं दिवसभर त्याला ओळीत घातला नव्हता. “तुझं काम आहे ते,” म्हणाली आणि माझ्या ड्रेसकडे बघूनही ओरडली नाही.

मी सीटवर बसले. आज्जा पेरूच्या बुंध्याला टेकून. मी चावी फिरवली.

बसू खाकरला, आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एवढा मोठा ढग आला की शंकरप्पांची टोपी दिसेना.

“रिंगाच गेल्यात ह्याच्या,” धुरातून त्यांचा आवाज आला.

मला तिथंच रडू आलं असतं. पण माझे हिंदीतले गुरुजी म्हणाले होते की सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळून जायला वेळ लागतो. मी गियर टाकला आणि ओळीत शिरले.

सुनंदा आत्याची ओळ लांब आहे. अर्ध्यापर्यंत मी मागे वळून बघितलंच नाही. खाली उजव्या पायाकडेही नाही. फांद्या डोक्यावरून सरकत होत्या, मागे रोटर तण कापत होता आणि ओल्या मातीचा वास येत होता. मग चढ लागला. मी दात आवळून वाट बघितली की आता धाप लागेल. लागली नाही. बसू गुरगुरत सरळ वर गेला. मी मागे बघितलं. निळं काहीच नव्हतं. फक्त सायलेन्सरच्या तोंडाशी हवा गरम होऊन हलत होती आणि तिच्यातून पेरूची पानं नाचल्यासारखी दिसत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही. मम्मी सांगते, लांब रस्त्यावरच्या मेंढ्या थांबल्या.

ओळ संपवून परत आले, बसू बंद केला, आणि सगळ्यांसमोर उजवा पाय उचलून पायफळीवर ठेवला.

“बघा!”

पप्पा वाकले. शंकरप्पा वाकले. मम्मीनं तर सलवार हातात धरून, शिवण उलटी करून बघितली. मातीचे शिंतोडे होते. तेलाचा एक थेंब नव्हता.

“काय केलं?” पप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आज्जा पुढे आला.

“पंचाक्षरी, मी पाजत होतो त्याला. दर सोमवारी. लई झालं, फुगला. अक्कव्वानं अन् मी काल पोट हलकं केलं.”

पप्पा कधी आज्जाकडे बघत होते, कधी बसूकडे. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत म्हणाले, “मी शेषेरावला सांगायलो तेल भरपूर हाय, भरपूर हाय! अन् तेच भरपूर होतं!” आणि असे हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं.

त्यांनी तिथूनच शेषेरावकाकांना फोन लावला. काका म्हणाले, “आयला! तेल कमी झाल्याली इंजिनं लई बघितली, लाड केल्यालं पयलंच. तुमी भरपूर हाय म्हणालाव, तवा मी बी फसलो. आज्जाला नमस्कार सांगा. अन् दर आठ दिवसाला काडी बघा.”

शंकरप्पांनी टोपी झटकली. “मला इतक्या लांबून कशाला बोलावलंत मग?”

“पेरू खायला,” मम्मी म्हणाली. ती किती तरी दिवसांनी इतक्या मोठ्यानं बोलली. “आत्ता कच्चे हायत. हिवाळ्यात या, पोतं भरून देते.”

“म्हंजी बाग ऱ्हायली का?”

मम्मी पप्पांकडे बघत होती. पप्पा ओळींकडे बघत होते, त्या सगळ्या आत्यांकडे. “उरलेलं तण ह्या आठवड्यात व्हायला पायजे,” ते म्हणाले. “कोण मारणार ओळी?”

“मी!” मी म्हटलं. मम्मीपण तेच म्हणाली, आणि माझ्याआधी, हे मी कबूल करते.

आता सोमवारचा घास बदललाय. आज्जा बॉनेटवर विभूती लावतो, मग काडी काढून धोतराला पुसतो, बुडवतो आणि मला दाखवतो. चष्मा त्याला नको असतो, म्हणून खुणा मी वाचते. “बरोबर आहे,” म्हटलं की तो जरा हिरमुसतो. एवढ्या राबणाऱ्या लेकराला काहीच द्यायचं नाही, हे त्याला पटत नाही. म्हणून तो बॉनेटवर, विभूतीच्या पट्ट्यांच्या खाली, गुळाचा खडा चिकटवून ठेवतो. गुळानं इंजिनाचं काही बिघडत नाही. मी विचार करून परवानगी दिली आहे.

परवाच्या मंगळवारी मी उतरले, दप्तर टांगलं, बॉनेटला टेकून आधी जरा मम्मीच्या मोबाईलवरून मैत्रिणीला मेसेज केला, मग ओळ मारली आणि घरी आले. मम्मीनं सलवार घेतली, उजवा पाय उलटासुलटा केला, समाधानानं मान हलवली. मग कुर्ता घेतला.

“अक्षरा! हे काय चिकट? आणि मुंग्या? मुंग्या गं!”

शेजारच्या काकू लगेच कुंपणाशी आल्या. त्यांनाही करमत नव्हतं बहुतेक.